गप्प राहिलेला धातू

ब्यूडली, वूस्टरशर
१४ एप्रिल २००३

श्री. क्लिफर्ड ट्रँटर यांस,

चाळीस वर्षांत आपणास लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या आरंभी मी ‘प्रिय क्लिफ’ असे लिहीत आलो. आज ते लिहिलेले नाही, हे आपल्या ध्यानात आले असेलच. कारण पुढे देत आहे.

लिंडन बँक चढणीच्या मोटारशर्यत क्लबने जूनच्या पहिल्या रविवारी ॲव्हरिलच्या नावाची पाटी लावण्याचे ठरवले आहे. तिच्या मिनी गाडीच्या चार चाकांपैकी एक चाक क्लबच्या भिंतीवर टांगायचे, त्याखाली पाटी, आणि मी दहा मिनिटे बोलायचे, असा बेत आहे. पाटीचा मजकूर मी लिहून ठेवला होता: ‘या मॅग्नेशियमच्या चाकांवर ॲव्हरिल ॲस्क्विथ यांनी १९७४ साली या चढणीचा विक्रम केला.’ भिंतीवर टांगायचे म्हणून एका चाकाचा जुना रंग खरवडून काढावा, खालचा धातू लोकांना दिसावा, असे मला वाटले. रंग उतरवण्याचे द्रावण लावले, तारेच्या ब्रशाने घासले. चाक स्वच्छ निघाले.

ऑक्टोबरात ॲव्हरिल गेली तेव्हापासून मी स्वयंपाकघराचा वापर चहापुरताच करतो. त्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून मासा आणि चिप्स आणले आणि गॅरेजमध्येच खोक्यावर बसून खाल्ले. दुकानातली मुलगी व्हिनेगर फार ओतते. कागदाच्या घडीतून ते ओघळले आणि थेट चाकाच्या उघड्या धातूवर पडले.

काही झाले नाही.

आपण ओतकामाचा कारखाना तीस वर्षे चालवलात, तेव्हा या वाक्याचा अर्थ आपणास समजावण्याची गरज नाही. मी महाविद्यालयात धातुशास्त्राच्या पहिल्याच तासाला हा प्रयोग करून दाखवत असे. व्हिनेगरचा थेंब टाकला की मॅग्नेशियम फसफसते. ॲल्युमिनियम गप्प बसते. मुलांना हा प्रयोग आवडे. मी घरातून बाटली आणली. चारही चाके खरवडली. चारही गप्प बसली.

ती चाके आपण ओतलीत. मिश्रधातू मी ठरवून दिला होता. ओतल्यानंतर प्रत्येक चाक मी महाविद्यालयाच्या तराजूवर स्वतः तोलले होते. दोन बोटांवर उचलावे इतके ते हलके होते. साधे पोलादी चाक त्याच्या जवळजवळ दुप्पट भरत असे. त्या हलकेपणाचे महत्त्व मी आपणास शंभरदा सांगितले आणि आपण शंभरदा जांभई दिलीत, तरी पुन्हा लिहितो. मिनीचे इंजिन एक लिटरचेही नाही. मोठ्या गाडीला चार पौंड म्हणजे काहीच नसते. या गाडीला ते जाणवतात. त्यातही चाकातले वजन हे साधे वजन नसते. त्याला गाडीबरोबर पुढेही न्यायचे असते आणि गरगर फिरवायचेही असते, म्हणून कडेचा प्रत्येक पौंड इंजिनाला जवळजवळ दोन पौंडांसारखा वाटतो. ब्रेक लावताना तेच उलट. शिवाय ते वजन गाडीला धक्क्यांत तोलून धरणाऱ्या रबरी शंकूंच्या खाली असते. ते जितके जड, तितके चाक रस्त्यावरच्या खळग्यांवरून उडते, आणि उडालेले चाक ना गाडीला ओढते, ना वळवते. ॲव्हरिलचा विक्रम निमिषभराच्या फरकाने झाला होता. तो फरक या चाकांचा होता, असे मी तेव्हापासून दर वर्षी क्लबच्या जेवणात सांगत आलो आहे. आपण समोरच बसलेले असता.

आता ही चाके ॲल्युमिनियमची निघतात. माझी मॅग्नेशियमची चाके कोठे आहेत? ही कोणी घातली, केव्हा, आणि ॲव्हरिलला अंधारात ठेवून हे कसे साधले, याचा खुलासा करावा. तिच्या शवपेटीला आपण खांदा दिलात, दफनानंतर माझे कोपर धरून मला गाडीपर्यंत नेलेत. त्या वेळी हे आपणास ठाऊक होते काय?

लेनर्ड ॲस्क्विथ


ब्यूडली
२ मे २००३

श्री. ट्रँटर यांस,

कॉर्नवॉलहून आलेले आपले पत्र मिळाले. मी ते दोनदा वाचले. आपल्या अक्षरात सुधारणा नाही.

आपण लिहिता की चाके मॅग्नेशियमचीच ओतली होती, आणि मी तोलली ती तीच. इतके मान्य. पुढे आपण लिहिता की विक्रमाच्या आदल्या आठवड्यात सरावाच्या दिवशी ॲव्हरिल दुसऱ्या वळणावरून खाली आली आणि आपणास म्हणाली, “क्लिफ, पुढचं डावं चाक बोलतंय. कुरकुरतंय कुठंतरी. जरा बघ ना.” आपण ते चाक काढून व्हॅनमागे नेलेत, रॉकेलने पुसलेत, कोरडे करून खडू फासलात, आणि आऱ्याच्या मुळाशी खडूवर केसासारखी ओली रेघ उमटली. म्हणजे भेग होती.

ही पद्धत मीच आपणास दाखवली होती.

मग आपल्या कारखान्यात, त्याच लाकडी नमुन्यावरून, त्याच आकाराची चार चाके ॲल्युमिनियमची ओतली गेली. रंगही तोच दिला. एकाच नमुन्यातून निघाल्यावर डोळ्यांना फरक कळणार कोठून? चाके बदलण्याचे काम ॲव्हरिल कोणासही करू देत नसे. “चालवणारीनं आपली चाकं आपण बसवावीत. तू कमर सांभाळ, लेन,” असे ती म्हणे. मला ते माझ्या पाठदुखीविषयीचे प्रेम वाटे. मॅग्नेशियम गंजते म्हणून दर हिवाळ्यात चाके रंगवण्याचा नियम मी घालून दिला होता आणि तो तिने कधी चुकवला नाही; कोठे टवका उडाला तर मी पाहण्याआधी तिथे ब्रश फिरलेला असे. मला ते माझ्या विषयाविषयीचे प्रेम वाटे. आज कळते की एकाही टवक्यातून धातू मला दिसू नये, यासाठी ती व्यवस्था होती.

तेव्हा, आपल्या म्हणण्याप्रमाणे, अंधारात ॲव्हरिल नव्हती. मी होतो.

हे तिने का केले, याचे आपण जे कारण देता ते मला येथे उतरवून घेणे भाग आहे, कारण मी ते वाचले आहे याची आपणास खात्री असावी. आपण लिहिता की आपण तिला म्हणालात, “लेनला सांगायला पाहिजे, बाई. चाकं त्याची आहेत.” आणि ती म्हणाली, “नको. तो तक्ता घेऊन बसेल, आणि ही भेग काहीच नाही असं मला पटवून देईल. वाईट हे की मला ते पटेल. त्याचं मला नेहमीच पटतं. सांगू नकोस.”

मी असे कधीही केले नसते. भेग पडलेल्या चाकावर पत्नीला चढणीवर पाठवणारा मनुष्य मी नव्हे. अशी रेघ पुष्कळदा साच्यात धातू आवळताना पडलेली, केवळ वरवरची असते, आणि तिची खोली मोजल्याखेरीज चाक बाद ठरवणे शास्त्राला धरून होत नाही, हे मी येथे नमूद करतो; परंतु तो या पत्राचा विषय नव्हे.

आणखी एक प्रश्न आहे. तो विचारणे मला शोभत नाही आणि न विचारणे मला जमत नाही. मनुष्य पत्नीपासून लपवलेली गोष्ट ज्याला सांगतो, किंवा पत्नी पतीपासून लपवलेली गोष्ट ज्याला सांगते, त्या दोघांमध्ये आणखी काही असते काय? आपण उत्तर द्यावे. सविस्तर नको.

आपल्या म्हणण्याचा पडताळा मी अन्यत्र घेणार आहे.

ले. ॲस्क्विथ


ब्यूडली
१२ मे २००३

श्री. ट्रँटर यांस,

आपले एका ओळीचे पत्र मिळाले. “तसलं काही नव्हतं, लेन, आणि हे विचारायला तुला लाज वाटायला हवी.” यातील पहिल्या अर्ध्या भागावर मी विश्वास ठेवतो. दुसरा भाग परत पाठवतो.

मी काल नोरीन ब्लूइटकडे गेलो होतो. घड्याळ तिच्या हाती असे, आणि ॲव्हरिलच्या विक्रमाची वेळ तिनेच टिपली होती, म्हणून आपल्यापेक्षा तिच्या शब्दाला मी अधिक मानतो. क्लबच्या चहाच्या तंबूत ती येत्या मोसमासाठी किटल्या घासत होती. मी सरळच विचारले की १९७४ साली ॲव्हरिलच्या गाडीला कोणती चाके होती.

ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बस आधी. खाल्लंयस का काही? बेकन टाकते पावात.”

मी म्हणालो, “नोरीन, मी प्रश्न विचारला आहे.”

“ऐकला. बस म्हटलं ना. उभ्यानं तू परीक्षा घेतल्यासारखा दिसतोस.”

मी बसलो. तिने पाव भाजला, त्यावर तपकिरी सॉस घातला, माझ्यासमोर ठेवला आणि मग म्हणाली, “ॲल्युमिनियमची होती, राजा.”

“तुला केव्हापासून ठाऊक आहे?”

“मला? मला त्याच दिवशी ठाऊक होतं. क्लिफ सकाळी चाकं घेऊन आला तेव्हा मीच व्हॅनचं दार धरलं होतं. तू तिकडं कमिटीच्या लोकांना फळ्यावर आकृती काढून दाखवत होतास.”

“आणि इतरांना?”

नोरीन किटलीकडे वळली. “अरे, तू संध्याकाळी ट्रकच्या फळीवर उभा राहिलास आणि चाकांवर भाषण ठोकलंस. काय तुझा चेहरा होता! आम्ही सगळे तोंड बंद करून उभे. ॲव्हरिल माझ्या शेजारी होती. मी तिला कोपरानं ढोसलं, म्हटलं, सांग ना त्याला. ती म्हणाली, आता कसं सांगू, बघ तरी त्याच्याकडे. पुढच्या वर्षी जेवणात तू पुन्हा उभा राहिलास. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. मग काय, राहूनच गेलं.”

मी विचारले, “म्हणून मला ‘पीसवाले प्रोफेसर’ म्हणत असत?”

क्लबमध्ये शिरताच कोणीतरी हाक मारी: “आले, आले, पीसवाले प्रोफेसर आले! खिडक्या लावा रे, उडून जातील!” हे नाव मला माझ्या हलकेपणाच्या सिद्धांताबद्दल दिलेले आहे, असे मी समजत होतो. निवृत्तीच्या समारंभात प्राचार्यांना मी ते अभिमानाने सांगितले होते.

नोरीन म्हणाली, “प्रेमानंच म्हणायचे, लेन.”

आपण सर्व जण हा एकच शब्द वापरता, असे दिसते.

मी उठलो. ती माझ्यामागे तंबूच्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, “क्लिफवर फार चिडू नकोस. त्या शेकोटीच्या दिवशी तरी तो म्हणालाच होता की आता हे बस झालं...” आणि तिने जीभ चावली. मी विचारले, कोणती शेकोटी? ती म्हणाली, “ते मी नाही सांगणार. ते त्याचं त्यानं सांगावं. बेकन थंड होतंय बघ तुझं.”

कोणती शेकोटी, श्री. ट्रँटर?

ले. ॲस्क्विथ


ब्यूडली
२४ मे २००३

श्री. ट्रँटर यांस,

आपल्या पत्राची पाने गळून पडतील म्हणून त्यांना टाचणी लावली आहे. ती पाने मी आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आहेत.

१९७४ सालच्या पाच नोव्हेंबरची ती संध्याकाळ मला उत्तम आठवते. आपल्यापेक्षा चांगली आठवते. आपल्या कारखान्याच्या आवारात दर वर्षीप्रमाणे शेकोटी रचली होती. जुन्या पेट्या, तुटके नमुने, शेंड्यावर त्या रात्री जाळतात तो गाय फॉक्सचा गवती पुतळा, त्याच्या डोक्यावर कोणाची तरी फेल्ट हॅट. राखेत भाजलेले बटाटे होते. ॲव्हरिलने आल्याचा केक केला होता आणि लोकांना तो दातांना चिकटत होता. मुले पुढे होती. अचानक ढिगाच्या पोटातून पांढरा उजेड फुटला. तांबडा नव्हे, पिवळा नव्हे. डोळ्यांना पाहवेना असा पांढरा. सगळे आवार दिवसासारखे लखलखले, विटांच्या भिंतीवर प्रत्येकाची काळीभोर सावली पडली.

आपण म्हणालात, “कारखान्यातला कीस टाकलाय, लेन. मॅग्नेशियमचा.”

मला आनंद झाला. मी मुलांना जवळ बोलावले आणि सांगितले की मॅग्नेशियम असे जळते. पूर्वी छायाचित्रे काढताना हाच उजेड वापरत. त्याकडे थेट पाहू नये. आणि त्यावर पाणी कदापि ओतू नये, कारण पाण्याने ते विझत नाही, भडकते. एका मुलाने विचारले, “मग कशानं विझवायचं, सर?” मी म्हणालो, “कोरड्या वाळूनं.” आणि आवारात वाळूची बादली भरून ठेवलेली नाही, हे ध्यानात येताच मी स्वतः ती आणण्यासाठी ओतशाळेकडे पळालो. कमर दुखत असूनही पळालो.

आपण लिहिता की तो कीस नव्हता. तो ढीग माझ्या चाकांवर रचलेला होता. चारही चाके तळाशी होती. भेग पडलेली वस्तू कोणाच्या हाती लागू नये आणि माझ्याही नजरेस पडू नये, म्हणून ती जाळून टाकायची, असे आपण दोघांनी ठरवले होते. मी मुलांना माझ्याच चाकांच्या चितेवर धडा देत होतो आणि आवारातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते ठाऊक होते.

मी बादली घेऊन धापा टाकत परत आलो, तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. फार गंभीर चेहरे होते. मला वाटले, मी वेळेवर आलो म्हणून.

आपण लिहिता, “तू वाळू आणायला पळालास ना, तेव्हा मला खरंच कसंतरी झालं. मी ॲव्हरिलला म्हटलं, बस झालं आता, आजच सांगून टाकू. ती नाही म्हणाली.”

मी काही रात्री गणित करीत होतो. ते येथे देतो, कारण ते समजू शकेल असा दुसरा मनुष्य माझ्या ओळखीचा नाही. ॲल्युमिनियमचे चाक मॅग्नेशियमच्या दीडपट भरते. चार चाकांतला फरक, त्यांचे फिरते वजन, चढणीचा उतार आणि गाडीची ताकद धरली, तर ॲव्हरिल मॅग्नेशियमवर आणखी सुमारे दोन दशांश सेकंद लवकर पोचली असती. १९८१ साली श्रूझबरीच्या त्या तरुणाने तिचा विक्रम मोडला तो याहून कमी फरकाने, आणि त्याचा आकडा अजून टिकून आहे. म्हणजे माझा सिद्धांत बरोबर होता. चाके बदलली नसती, तर विक्रम आजही तिच्या नावावर असता. हे गणित मी तीनदा तपासले आहे. ते चाक दुसऱ्या वळणावर तुटले असते की नाही, ते त्यात धरलेले नाही. त्याला लागणारी माहिती आपण जाळून टाकली.

आणि तरीही तिने विक्रम केलाच. जड चाकांवर केला. म्हणजे तो चाकांचा नव्हता. तिला हे ठाऊक होते, आपणास ठाऊक होते, किटल्या घासणाऱ्या नोरीनला ठाऊक होते. आणि दर वर्षी मी उभा राहून तो चाकांना देत असे, आणि ती माझ्या शेजारी बसून टाळ्या वाजवत असे. एकदा घरी परतताना गाडीत ती म्हणाली होती, “लेन, तुझं गणित चढण चढत नाही हं. मी चढते.” मी म्हणालो होतो की दोन्ही मिळून चढतात. ती खिडकीबाहेर पाहू लागली. तो क्षण सांगण्याचा होता. तिने सांगितले नाही. माझ्याशी सदतीस वर्षे संसार केलेली स्त्री ती गोष्ट आपणास सांगू शकली, मला नाही. चाके हा लहान मुद्दा आहे.

आता पाटीवर काय लिहायचे, हे मला कळत नाही, आणि रविवारी काय बोलायचे, तेही नाही. ॲव्हरिल मला जपत होती की माझी गंमत पाहत होती, हे ठरल्याशिवाय मला तिच्याविषयी एक वाक्यही बोलता येणार नाही. म्हणून एकच प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर मला बरे वाटावे म्हणून देऊ नये. खोटे पुरे झाले.

मी बादली आणायला पळालो तेव्हा ती हसली काय?

ले. ॲ.


ब्यूडली
३ जून २००३

क्लिफर्ड,

आपले उत्तर शनिवारी मिळाले. ते मी कोटाच्या खिशात घालून लिंडन बँकला गेलो.

सेक्रेटरीने पाटीचा मजकूर मागितला. मी सांगितले, ‘ॲव्हरिल ॲस्क्विथ, १९७४’. तो म्हणाला, “एवढंच? चाकांचं काही नाही?” मी म्हणालो, एवढेच. तंबूत साठेक माणसे होती. बहुतेकांना मी ओळखतो. बहुतेकांनी माझी भाषणे ऐकलेली आहेत. मी उभा राहिलो आणि म्हणालो की भिंतीवर टांगलेले चाक ॲल्युमिनियमचे आहे.

चमचे वाजायचे थांबले. मागून कोणातरी म्हाताऱ्याचा आवाज आला, “अरे देवा, कळलं वाटतं त्याला,” आणि नोरीनने त्याला “गप रे!” म्हणून दाबले. मी त्या सर्वांकडे पाहिले. एकेकाचा चेहरा पाहिला. ते खाली पाहू लागले. मग मी म्हणालो की वजनाने ते चाक काही विशेष हलके नाही, त्याच्या जागी दुसरे कोणतेही चाक असते तरी चालले असते, आणि त्या दिवशी गाडी माझ्या पत्नीने चालवली होती. एवढे बोलून बसलो. दहा मिनिटांतली नऊ उरली. टाळ्या वाजल्या नाहीत. ते मला बरे वाटले.

दुपारी तिची मिनी एकदा चढणीवरून न्यायची, असे ठरले होते. चालवायला क्लबचा एक तरबेज मनुष्य नेमलेला होता. मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. भिंतीवरच्या चाकाच्या जागी गाडीला सुटे पोलादी चाक लावलेले होते. म्हणजे तीन चाके एका वजनाची आणि एक दुसऱ्या. इतकी वर्षे मी ज्या फरकाविषयी बोललो, तो माझ्या हाताखाली होता. मी बारकाईने लक्ष दिले. मला काहीही जाणवले नाही. आसन तिच्या उंचीला लावलेले होते. माझे गुडघे स्टिअरिंगला घासत होते, क्लच दाबताना पाय अडकत होता. आसन मागे सरकवायला एक कळ ओढावी लागते. मी ती ओढली नाही.

दुसऱ्या वळणावर गवताच्या गाठोड्यांमागे आपण उभे होतात. येऊ नका, असे मी कळवले नव्हते, कारण विचारण्याचे धैर्य आपण केले नव्हते. टोपी हातात होती. आपण म्हातारे झाला आहात. मी थांबलो नाही. ती चढण थांबण्याची नाही.

आता उत्तराविषयी. आपण लिहिलेत, “हो, हसली. खोटं कशाला सांगू? सगळ्यात मोठ्यानं तीच हसली. हसता हसता रडली, आणि मग मला म्हणाली, त्याला कुणी काही बोललात तर माझ्याशी गाठ आहे.” क्षमा मागणारे जे पान आपण पुढे जोडले आहे, ते मी वाचले. क्षमा मी केलेली नाही. ती करण्याचा प्रयत्न करून पाहिला, जमली नाही. आणि आपण पुन्हा विचारू नये. तिलाही केलेली नाही. तिला तर विचारताही येत नाही.

तथापि एक गोष्ट आहे. आमच्या घरी ॲव्हरिल हसे ती ओठ मिटून, कारण बहुधा माझे वाचन चाललेले असे. किंवा तोंडावर हात ठेवून. ती मोठ्याने हसते, हे मला आपल्या पत्रावरून कळले. मी तेव्हा ओतशाळेत बादली भरत होतो. भट्टीचा पंखा चालू होता. मला काही ऐकू आले नाही.

म्हणून आपण एक करावे. ती कशी हसली, ते मला लिहून कळवावे. उभी होती की कशाला टेकली होती. मान मागे टाकली होती काय. दात दिसले काय. आवाज वर जात होता की खाली घुमत होता. श्वास घ्यायला थांबली तर कोठे थांबली. त्या पांढऱ्या उजेडात तुला सगळे स्वच्छ दिसले असेल. काही गाळू नकोस. अक्षर नीट काढ.

लेन